उपवासाचं चॉकलेट

रौशानच्या थोरल्या दिराचं नाव झांबुल शहरात शाळकरी पोरांनाही माहीत होतं. तिने मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. सासरच्या थोरल्या पुरुषांची नावं सुनेने घ्यायची नसतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने त्याला 'बाय-आगा' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे श्रीमंत दादा. सासूला ते ऐकायला गोड वाटलं आणि तेच पुढे रूढ झालं. घरापुरतं ठीक होतं. पण बाय-आगा चॉकलेटच्या कारखान्याचा संचालक होता आणि रौशान तिथली मुख्य तंत्रज्ञ. मीटिंगमध्ये बाकीचे त्याला नावाने, वडिलांच्या नावासकट हाक मारायचे; ही आपली "तुम्ही, तुम्ही" करत वेळ मारून न्यायची. कुठलाही मुद्दा मांडताना आपण आधी सून आहोत हे तिच्या आवाजातच येऊन बसायचं.

ती शिकलेली होती वोरोनेझला, रशियात. तिथल्या प्राध्यापकांनी तिला थांब म्हटलं होतं. पण येर्देन, तिचा होणारा नवरा, तिला न्यायला आला आणि ती आली. येर्देन कारखान्याच्या ट्रकवर होता. कुरदायच्या घाटात बर्फावरून त्याचा ट्रक घसरला तेव्हा त्यांची मुलगी झादिरा अजून शाळेतही जात नव्हती. त्यानंतर रौशान, झादिरा आणि सासू, म्हणजे सगळ्यांची अपा, अशा तिघी कारखान्याच्याच इमारतीतल्या घरात राहत होत्या. खिडकी उघडली की समोर कारखान्याचं फाटक. घर कारखान्याचं, नोकरी कारखान्याची, आणि कारखाना दिराच्या हातात.

समोरच्या दारात क्लावा मावशी राहायच्या. त्या रशियन, कारखान्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. येर्देन गेला तेव्हा रौशान खोलीचं दार लावून पडून होती. अपा स्वतःच रडत होती, तिला कोण सांभाळणार? त्या दिवसांत क्लावा मावशींनी झादिराला आपल्या घरी नेलं, तिच्या वेण्या घातल्या, आणि रोज संध्याकाळी सुपाचं भांडं घेऊन रौशानच्या उशाशी येऊन बसल्या. "खा. मग रड. उपाशीपोटी रडलं की चक्कर येते," एवढंच त्या म्हणायच्या.

मावशी धर्माच्या पक्क्या. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास त्या इतक्या कडक पाळायच्या की मांस तर सोडाच, दूध, लोणी, अंडं काहीही घरात ठेवायच्या नाहीत. बटाटे, कोबी, बकव्हीटची लापशी यावर सगळे आठवडे काढायच्या. त्यांची चैन एकच होती. शनिवारी चहाबरोबर काळ्या चॉकलेटचे दोन तुकडे. त्यात दूध नसतं, त्यामुळे ते उपवासाला चालतं. ते चॉकलेट दर वर्षी रौशान आणून द्यायची.

रशियापासून देश वेगळा झाला आणि कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांचं घट्ट तेल, यायचं थांबलं. ते पूर्वी लेनिनग्राडच्या बंदरातून यायचं. आता ते बंदर परक्या मुलुखात होतं, शहराचं नावही बदललं होतं, आणि तिथले व्यापारी डॉलरशिवाय बोलत नव्हते. गोदामात कोको पावडरची पोती मात्र छतापर्यंत रचलेली. लोकरीच्या बदल्यात कुणीतरी ती बाय-आगाच्या गळ्यात मारली होती.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर बाय-आगाने तिला बोलावून घेतलं.

"सूनबाई, पावडर आहे?"

"भरपूर आहे."

"साखर?"

"साखरही आहे."

"मग गाडी अडली कुठे?"

"कोको बटरवर. त्याच्याशिवाय ती पावडर म्हणजे नुसती माती."

बाय-आगा खिडकीपाशी गेला. तिथून गावाबाहेरच्या कत्तलखान्याचं धुराडं दिसायचं. "बटर म्हणजे शेवटी चरबीच ना? आणि चरबीला आपल्याकडे तोटा आहे? कुणी विकत घेत नाही म्हणून तिथे कुइरुकचे ढीग पडलेत."

कुइरुक म्हणजे आपल्याकडच्या मेंढ्यांच्या शेपटीची चरबी. एकेक शेपटी उशीएवढी. लग्नात व्याह्यांना यकृताबरोबर हाताने भरवतात ती हीच. रौशानला आधी वाटलं, भाऊजी थट्टा करताहेत. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. दुपारी कारखान्याच्या अंगणात थकलेल्या पगारासाठी बायका उभ्या राहायच्या, त्यांना तो खिडकीतून रोज बघत होता.

"वास," ती म्हणाली. "आणि ती तोंडात वितळत नाही. टाळूला मेणासारखी चिकटून बसते."

"तू शिकलीस कशासाठी? वितळेल असं कर."

खोलीबाहेर पडताना तिच्या मनात रागाच्या शेजारी दुसरंच काहीतरी उठलं होतं. जमेल का, हे तिला स्वतःलाच बघायचं होतं.

सगळा हिवाळा तिने त्यावर घातला. कोको बटरची खुबी अशी की ते हातात घट्ट राहतं, टकन तुटतं, आणि जिभेवर ठेवलं की एकदम विरघळतं. कुइरुकमध्ये सगळं एकत्र असतं. काही भाग तेलासारखा पातळ, काही मेणबत्तीसारखा कडक. रौशानने चरबी वितळवून धुतली, मार्गारीन विभागातल्या जुन्या भांड्यात हवा काढून टाकून तिच्यातून वाफ सोडली, मेंढीचा वास त्या वाफेबरोबर बाहेर काढला. मग ती हळूहळू थंड केली. आधी कडक दाणे धरले, ते गाळून टाकले. पुन्हा थंड केली, दुसऱ्यांदा जे गोठलं ते कॅनव्हासमध्ये बांधून दाबलं आणि तेल पिळून काढलं. हातात राहिला तो मधला भाग. त्यात एक रसायन घालून तिने तो आतून बदलला, नाहीतर वितळायला तो जरा उशीर करायचा. कितीतरी घाणे फुकट गेले. कधी वड्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखी रेघ यायची, कधी वड्या हातालाच लागायच्या. घरी गेली की झादिरा म्हणायची, "आई, तुझ्या केसांना बाजारासारखा वास येतो." ती केस धुवायची, पुन्हा धुवायची.

एके सकाळी वडी टकन तुटली. तिने एक तुकडा जिभेवर ठेवला आणि तो गेला. टाळूला काही राहिलं नाही. ती तशीच वेष्टण विभागात गेली. तिथली मुख्य बातेस, अंगाने आडवी आणि जिभेने तिखट बाई.

"बातेस, तोंड उघड."

बातेसने डोळे मिटून तुकडा चघळला. बाकीच्या हात थांबवून बघत राहिल्या.

"कुठे गेली मेंढी?" बातेस म्हणाली. "पळाली वाटतं."

"वास?"

"वास तुलाच येतोय, चॉकलेटला नाही. असं कर, आमच्या नवऱ्यालाही त्या भांड्यात घाल, बघू त्याचा वास जातो का."

सगळ्या हसल्या, रौशानही हसली. येर्देन गेल्यापासून ती इतकी मोकळी हसली नव्हती. त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा अपा चकित होऊन बघत राहिली.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. पगार म्हणून निम्मं चॉकलेटच मिळायचं, पण बायका ते बाजारात विकून पीठ आणू लागल्या. वेष्टणाचे कागद जुनेच होते, गोदामात गठ्ठेच्या गठ्ठे. त्यावर छापलेलं होतं: साखर, कोको, कोको बटर. रौशानने एकदा विचारलं तर बाय-आगा म्हणाला, "मग काय, एवढे कागद जाळू? नवे छापायला पैसे तू देणार?" तिने विषय सोडला. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. कारखान्याबाहेर कुणाला नाही, आणि बाहेर न बोलण्याविषयी बाय-आगाने एकेकाला जवळ बोलावून बजावलं होतं.

मोठ्या उपवासाच्या आदल्या रविवारी क्लावा मावशी दारात आल्या. त्या दिवशी त्यांच्यात एकमेकांची माफी मागतात. मावशी दर वर्षी शेजारणीकडेही यायच्या, धर्म वेगळा असला म्हणून काय झालं. डोक्याला स्वच्छ रुमाल, हातात पॅनकेकची ताटली.

"रौशा, काही चुकलं असेल तर माफ कर मला."

यावर "देव माफ करेल, तुम्हीही मला माफ करा" असं म्हणायचं, हे रौशान कधीच शिकली होती. तिने पहिला अर्धा भाग म्हटला. दुसरा तिने गाळला. मावशींच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी झादिराची पापी घेतली आणि त्या परत गेल्या.

पहिल्या शनिवारी रौशान रिकाम्या हाताने गेली. म्हणाली, "मावशी, या वर्षी घरी न्यायला देत नाहीत हो."

"अगं, त्यात काय," मावशी म्हणाल्या, आणि कपाटातून चॉकलेट काढलं. तोच कागद, तीच वडी. "बाजारातून आणलं मी. दुकानदारणीला म्हटलं, हे माझ्या रौशाने केलंय. घे ना तूही."

त्यांनी दोन तुकडे तोडले. एक बशीत ठेवला, एक तोंडात घातला. डोळे मिटले. रौशान समोर बसून बघत राहिली. चहाचा कप तिच्या हातात गार झाला.

"पूर्वीपेक्षा छान झालंय," मावशी म्हणाल्या. "मऊ लागतं."

त्यानंतर दर शनिवारी रौशान मावशींकडे चहाला जायची आणि न सांगताच परत यायची. सांगावं तर बातमी फुटली म्हणून कारखाना अडचणीत येणार, अंगणातल्या बायका पुन्हा उभ्या राहणार. न सांगावं तर ती म्हातारी, जिने तिला चमच्याने भरवलं होतं, तिच्या हातून आपण तिचा उपवास मोडवतोय.

शेवटी तिने बाय-आगापाशी विषय काढायचं ठरवलं. तो दर रविवारी आईकडे जेवायला यायचा. मांस संपलं, चहा आला, तेव्हा रौशान चहा ओतता ओतता म्हणाली, "बाय-आगा, कागदावर खरं लिहू या. मेंढीची चरबी म्हणून."

अपाने मान वर केली. तिला सुनेचं मध्येच बोलणं आवडलं नव्हतं.

बाय-आगा शांत होता. "आपण व्याह्यांना हाताने कुइरुक भरवतो. त्यात लाज कसली?"

"मला लाज नाही वाटत. पण ज्यांना चालत नाही ते अजाणता खाताहेत. समोरच्या मावशीच खाताहेत."

"अजाणता खाल्लं तर बिघडलं काय?"

"जाणत असते तर खाल्लं नसतं, एवढंच बिघडलं."

"आणि लिहिलं तर? निम्मा माल रशियन घेतात. चॉकलेटमध्ये शेपटी म्हणून हसतील. दुकानं माल परत पाठवतील. मग अंगणात जाऊन बातेसला तू सांगशील, की तुझ्या मावशीच्या उपवासासाठी तुला घरी बसवलंय?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती.

"मग मला मोकळं करा," ती म्हणाली. "अल्माटीच्या अन्न-संशोधन संस्थेत मला जागा देताहेत. राहायला खोलीसुद्धा. झादिराला घेऊन जाईन. कृती मी कुणालाही शिकवून जाते."

आता अपाने कप खाली ठेवला. "झादिरा कुठे जाणार? ती माझ्या येर्देनची मुलगी. ती आपल्या घरात राहील."

"ती माझीही आहे, अपा."

"तुला जायचं तर जा," बाय-आगा म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "तरुण आहेस, कुणी अडवणार नाही. लेकरू मात्र बापाच्या घरचं. हे काही मी ठरवलेलं नाही."

झादिरा दाराशी उभी राहून ऐकत होती. रौशानने किटली उचलली आणि पुन्हा चहा ओतायला लागली.

प्रयोगशाळेच्या कपाटात खऱ्या कोको बटरचा एक डबा उरला होता. प्रत्येक घाणा त्याच्याशी ताडून बघायची, म्हणून तो तिने जिवापाड जपला होता. त्या आठवड्यात तिने तो बाहेर काढला. एका छोट्या भांड्यात पावडर आणि साखर घालून हाताने वाटलं, स्वतः थंड केलं, साच्यात ओतलं. आता ताडून बघायला काही राहणार नव्हतं. पुढचे सगळे घाणे तिला फक्त जिभेवरच्या आठवणीने करायचे होते. तरी तिला हलकं वाटलं.

शनिवारी तिने ते मावशींच्या बशीत ठेवलं. "हेच खा. खास तुमच्यासाठी केलंय. ते बाजारातलं टाकून द्या."

मावशींनी खाल्लं. थोडा वेळ चघळलं. "चांगलं आहे हं," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? रागावू नकोस. त्या बाजारातल्याची सर नाही याला. तेच आणत जाईन मी."

हसावं की रडावं, रौशानला कळेना. आणि मग ती बोलून गेली.

"मावशी, त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी आहे. कोको बटर नाही. हिवाळ्यापासून."

मावशींचा हात बशीपाशीच थांबला.

"मांसाची चरबी?"

"हो."

"आणि तू इथे बसून माझ्याबरोबर चहा घेत होतीस."

"हो."

मावशी उठल्या. कपाटातली वडी काढून टेबलावर ठेवली. रौशानने केलेला तुकडाही तिच्याशेजारी ठेवला. मग पाठ फिरवून नळाखाली कप धुवायला लागल्या, खूप वेळ. "जा, पोरी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "झादिरा शाळेतून येईल."

मावशींनी कुणाकडे बोभाटा केला नाही. त्या फक्त आपल्या पाद्रीबाबांकडे गेल्या, मन मोकळं करायला. पण देवळातल्या आणखीही बायका ते चॉकलेट खात होत्या, म्हणून बाबांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सावध केलं. पुढच्या आठवड्यात बाजारात सगळीकडे तेच बोलणं. काही दुकानांनी खोकी परत पाठवली. अंगणात बातेस रौशानच्या जवळून गेली, एक शब्द न बोलता. असं कधी झालं नव्हतं.

बाय-आगाने तिला बोलावलं. ती तयारीनेच गेली होती. काढून टाकलं तर निदान एक गाठ तरी सुटेल, असं तिला वाटत होतं. त्याच्या दारापाशी पोचेपर्यंत तर तिला त्याची आशाच वाटायला लागली होती.

"तू सांगितलंस?"

"हो."

त्याने पेन्सिल उचलली. "किती लोक करतात गं हा उपवास?"

"कोण जाणे. बरेच असतील. आता पूर्वीपेक्षा जास्त करतात."

"मग त्यांच्यासाठी वेगळं कर. सरकीच्या तेलाचं. तेल उझबेकांकडून मी आणतो. ते घट्ट करणं, वितळवणं तुझं काम. कागदावर देवळाचा घुमट छापू आणि लिहू, उपवासाला चालतं. आणि दुसऱ्याच्या कागदावर लिहू 'मिठाईची चरबी'. खोटं नाही ना ते?"

"पूर्ण खरंही नाही."

"पूर्ण खरं कोण वाचतं?" तो म्हणाला. "तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. म्हणूनच तुला जाऊ देत नाही मी, आईसाठी नाही."

तिला वाटलं होतं दार उघडेल. उलट तिच्या हातात आणखी एक काम आलं. उन्हाळ्यापर्यंत तिने सरकीचं तेलही वठणीवर आणलं. खोकी पुन्हा जायला लागली. बातेस पुन्हा बोलायला लागली. "बाई गं, आता दोन दोन वास," म्हणाली.

क्लावा मावशींचा मुलगा ओरेनबुर्गला होता. तो आईला कधीपासून बोलवत होता. इमारतीतली निम्मी रशियन घरं त्या वर्षी रिकामी झाली, मावशींनीही पेट्या बांधल्या. निघायच्या आदल्या दिवशी रौशान त्यांना भांडी गुंडाळायला मदत करत होती. उपवासानंतर त्या दोघी पहिल्यांदाच इतका वेळ एकत्र होत्या.

"पाद्रीबाबांना विचारलं मी," मावशी अचानक म्हणाल्या. "म्हणाले, अजाणता खाल्लंस, पाप तुझं नाही."

"बरं झालं."

"तुझं आहे का, ते मात्र मी नाही विचारलं." त्यांनी कप वर्तमानपत्रात गुंडाळला. "उत्तराची भीती वाटली."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. झादिरा खूप रडली. मावशींनी रौशानला जवळ घेतलं, घट्ट धरलं आणि त्या ट्रकमध्ये चढल्या. त्यांचं घर कारखान्याने परत घेतलं आणि शरद ऋतूत बाय-आगाचा धाकटा मुलगा लग्न करून तिथे राहायला आला. आता समोरचं दार उघडलं की तिथेही सासरच.

अल्माटीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. काही वर्षांनी झादिरा शाळा संपवून तिकडच्याच विद्यापीठात गेली. आता तिची अडचण नव्हती. पण त्याच वर्षी अपाचं अर्धं अंग गेलं. थोरली जाऊ म्हणाली, "माझी कंबर दुखते, आणि तुझ्या हातचंच तिला आवडतं." अपाला रोज सकाळी कुशीवर वळवायचं, भरवायचं, मग फाटकातून आत. कारखान्यात आता खरं कोको बटरही थोडं थोडं यायला लागलं होतं, पण महाग. बाय-आगा म्हणे, आपलं चाललंय ते चालू दे.

झादिरा रविवारी फोन करायची.

"आई, मला खोली मिळालीय. मोठी आहे. तू येतेस कधी?"

"बघू. अपाला जरा बरं वाटू दे."

"दर वेळी बघू म्हणतेस."

"अगं, सरकीचा घाणा लावलाय आज," रौशान म्हणाली. "तो फार वेळ तसाच सोडून चालत नाही."

तिने फोन ठेवला, अपाच्या पाठीशी उशी नीट केली, केसांना रुमाल बांधला आणि कामावर गेली.